धरणाचा विसर्ग कळतो, पण गावात पाणी कुठवर चढेल ते कळत नाही : पूर आराखडा कसा करावा?

वैनगंगाकाठ (ग्रामपंचायत सदस्य, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

नमस्कार. आमचे गाव वैनगंगेच्या काठावर आहे आणि गावाच्या मागच्या अंगाने एक नाला वाहतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणाचे पाणी सुटले, वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि त्यानंतर भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत काय झाले हे या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्याकडे तेव्हा पाऊस उघडलेला होता. ऊन पडलेले असताना पूर येणार हे कित्येक कुटुंबांना पटेचना, आणि पटले तेव्हा गावाबाहेर पडण्याचा रस्ता पाण्याखाली गेलेला होता. माणसे वाचली, पण धान गेले, जनावरे गेली, आणि घरात साठवलेले वर्षाचे धान्य भिजून गेले.

ग्रामपंचायतीच्या कपाटात गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे. तो छापील नमुन्यात भरलेला असून त्यातील निम्म्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झालेल्या आहेत. पावसाळ्यात मोबाइलवर निरोप येतो की विसर्ग वाढविण्यात येत आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. सतर्क राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, कोणत्या मोहल्ल्याने आधी निघायचे आणि कोणत्या आकड्याला निघायचे, हे त्या निरोपातून समजत नाही. यंदा नवा आराखडा करावा असे आम्ही काही सदस्यांनी ठरविले आहे. विसर्गाचा आकडा आणि गावातील पाणी यांचा मेळ कसा घालावा, प्रशिक्षण कोणाला व केव्हा द्यावे, आणि जलसंपदा, महसूल, आरोग्य, महावितरण ही सगळी खाती एका लहान गावासाठी एकत्र कशी बसवावीत, याबद्दल ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

---

निवृत्त शाखा अभियंता (नागपूर)

ताई, आपला पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो. दरवाजे किती उघडले आणि जलाशयाची पातळी काय आहे यावरून धरणावरील अभियंता विसर्ग सांगतो. त्या विसर्गाने तुमच्या गावातील कोणत्या घराच्या जोत्याला पाणी लागेल हे त्याला माहीत नसते, आणि काठावरच्या प्रत्येक गावापुरते ते माहीत असावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. तो हिशेब गावालाच मांडावा लागतो, आणि तो मांडता येतो.

सुरुवात एककापासून करा. निरोपातील आकडा क्युमेकचा आहे की क्युसेकचा, हे पाहिल्याशिवाय तो पुढे पाठवू नये. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, अर्थात हजार लिटर पाणी. आणि एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. एकाच विसर्गाचे दोन आकडे दोन गटांत फिरू लागले की लहान आकडा वाचणारा निर्धास्त बसतो आणि मोठा आकडा वाचणारा घाबरून जातो. गावाने एकच एकक धरावे. गोसीखुर्दचे निरोप बहुधा क्युमेकमध्ये येतात, तेव्हा तेच धरणे सोयीचे होईल.

त्यानंतर २०२० च्या पाणीपातळीच्या खुणा गोळा करा. ज्या भिंतींना नव्याने गिलावा झालेला नाही तेथे डाग अजून दिसत असतील. इतर घरांतील लोक पाणी कुठवर होते ते हात लावून दाखवतील. ही आठवण दरवर्षी पुसट होत जाते, म्हणून हे काम याच उन्हाळ्यात करावे. तालुक्याच्या तंत्रनिकेतनातील स्थापत्य शाखेच्या प्राध्यापकांना भेटा. विद्यार्थ्यांना सर्वेक्षण शिकवण्यासाठी त्यांना कुठेतरी ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजण्याचे यंत्र) लावावीच लागते, ती तुमच्या गावात लावावी अशी विनंती करा. गावातील एक कायम बिंदू ठरवून, उदाहरणार्थ शाळेची पहिली पायरी, तिच्यापासून प्रत्येक घराचे जोते, प्रत्येक रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) आणि गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याचा सर्वांत खोलगट भाग किती वर किंवा खाली आहे हे मोजून घ्या. पुलाच्या खांबावर त्याच मापाची पट्टी ऑइल पेंटने रंगवा, म्हणजे पट्टीवरचे पाणी पाहून कोणत्या घरापर्यंत किती अंतर उरले ते काठावरून वाचता येईल.

आता एक वही घाला. पावसाळ्यात विसर्ग बदलल्याचा निरोप आला की तारीख, वेळ, विसर्ग आणि त्यानंतर पट्टीवरील पाणी दर तासाला लिहीत जा. दोन-तीन पावसाळ्यांनंतर तुमच्याजवळ असा तक्ता तयार होईल जो कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही : अमुक विसर्गाला नाला तुंबतो, अमुक विसर्गाला रस्ता बंद होतो, अमुक विसर्गाला खालचा मोहल्ला पाण्यात जातो. या तीन टप्प्यांतला मधला टप्पा जीव वाचवणारा आहे. घरात पाणी शिरण्याच्या बऱ्याच आधी बाहेर जाण्याचा रस्ता बुडतो, आणि लोक मात्र घराच्या उंबरठ्याकडे पाहत थांबतात. आपण लिहिलेल्या अनुभवातही नेमके हेच घडलेले दिसते. म्हणून गाव सोडण्याचा निर्णय रस्त्याच्या पातळीला बांधून घ्यावा, घराच्या नव्हे.

दोन गोष्टींनी हा तक्ता चुकू शकतो, त्या ध्यानात असू द्या. गोसीखुर्दच्या खाली चुलबंद येऊन मिळते. तिला त्याच वेळी पूर असेल तर धरणाचा आकडा कमी असूनही तुमच्याकडे पाणी जास्त चढेल. दुसरी गोष्ट तुमच्या नाल्याची. वैनगंगा भरून वाहत असली की ती नाल्याचे पाणी घेत नाही, उलट नदीचे पाणीच नाल्यातून मागे रेटले जाते आणि गावाच्या पाठीमागून शिरते. सगळे गाव समोरच्या काठावर उभे राहून नदी पाहत असते, आणि पाणी मागच्या वावरांतून येते. म्हणून दुसरी पट्टी नाल्याच्या पुलावर हवीच, आणि ती वाचण्यासाठी वेगळा माणूस नेमलेला हवा. पाणी धरणापासून तुमच्यापर्यंत यायला किती तास लागतात याचा एकच आकडा धरून बसू नका. नदी रिकामी असताना सोडलेले पाणी आणि आधीच भरलेल्या नदीत सोडलेले पाणी सारख्या वेळात पोहोचत नाही. वहीतील नोंदींवरून सर्वांत कमी वेळ कोणता आला तो धरावा.

---

आशा गटप्रवर्तक (जि. गडचिरोली)

वरील सरांनी पातळीचे लिहिले आहे, मी माणसांचे लिहिते. भामरागडकडे पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे आमच्या जिल्ह्याने वर्षानुवर्षे सोसलेले आहे. त्यातून आरोग्य विभागाने जी सवय लावून घेतली आहे ती नदीकाठच्या प्रत्येक गावाने घ्यावी : पूर आल्यावर रुग्ण हलवायचा नाही, पूर येण्याआधी हलवायचा.

जूनच्या सुरुवातीला आशाताई आणि एएनएम (आरोग्यसेविका) यांनी मिळून गावातील अशा व्यक्तींची यादी करावी ज्यांना तीन-चार दिवस रस्ता बंद राहिल्यास धोका आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या गर्भवती, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, इन्सुलिन घेणारे, क्षयरोगाचे औषध चालू असलेले आणि आपल्या भागात विशेषकरून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण यात यायला हवेत. सिकलसेलच्या मुलाला थंड पाण्यात तासन् तास भिजत राहावे लागले, पुरेसे पाणी प्यायला मिळाले नाही, तर त्याला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी दवाखान्याची वाट बंद असते. अशा रुग्णांची औषधे किमान पंधरा दिवसांची घरात असावीत, प्लास्टिकच्या डब्यात बंद करून माळ्यावर ठेवलेली असावीत. गर्भवतींना तारखेच्या आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ नेऊन ठेवावे. आमच्याकडे काही केंद्रांत त्यासाठी माहेरघर आहे, तुमच्याकडे ते नसेल तर नातेवाइकांचे घर आधी ठरवून ठेवावे. आणखी एक विनंती अशी की ही यादी आशाताई, एएनएम आणि सरपंच यांच्यापुरतीच राहावी. कोणाला कोणता आजार आहे हे गावाच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी खरे सांगणार नाही.

पूर ओसरल्यावरचे काम तितकेच जोखमीचे आहे. पुराचे पाणी गेलेल्या विहिरीचे पाणी उपसून, गाळ काढून, ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय ते वापरू नये. साध्या वेळी हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम पावडर पुरते, पण पुरानंतर त्याहून अधिक लागते, म्हणून पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने अंदाजावर न जाता ओटी टेस्ट (पाण्यातील क्लोरीनची चाचणी) करावी, आणि तासाभरानंतर पाण्यात क्लोरीन उरल्याचा पिवळा रंग दिसला तरच पाणी सोडावे. पावडर मे महिन्यातच मागवून कोरड्या जागी बंद ठेवावी. उघड्या पोत्यातील पावडरचा जोर निघून जातो. कोरडी जागा शोधत साप घरात, माळ्यावर, कौलांत येऊन बसतात, तेव्हा घरात परतताना पहिली वस्तू काठीने हलवूनच उचलावी. सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन कोणत्या केंद्रात आहे आणि पूर असताना त्या केंद्रापर्यंत जाणारा रस्ता कोणता, हे दोन्ही आराखड्यात लिहिलेले असावे.

---

डोंगा आणि दोर (आपदा मित्र, जि. भंडारा)

प्रशिक्षणाबद्दल लिहितो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत आपदा मित्र योजना सुरू केली आणि पुढे ती देशभर वाढवली. मी तिच्यातूनच १२ दिवसांचे प्रशिक्षण घेतले. आपल्या तालुक्यात असे आपदा मित्र कोण आहेत हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांकडे विचारा. नागपुरात नागरी संरक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ मध्ये सुरू झाले, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही नागपूरलाच आहे, त्यामुळे शिकवणारी माणसे विदर्भात दूर नाहीत.

मात्र गावात पाणी सर्वांत जास्त ओळखतात ते ढिवर (मासेमार) बांधव, आणि आराखड्याच्या बैठकीला त्यांना बोलावले जात नाही याचे मला फार वाईट वाटते. कोणत्या वळणावर भोवरा पडतो, डोंगा (लहान होडी) कुठून लावला तर प्रवाह पलीकडे नेऊन सोडतो, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्याजवळ नसते ते लाइफ जॅकेट आणि मदतीला गेल्यावर काही बरेवाईट झाल्यास कुटुंबाला आधार. दोन्ही मिळवून देण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी, आणि मगच त्यांच्याकडून सेवेची अपेक्षा करावी.

पोहता येणारा पोरगा बुडणाऱ्याच्या मागे उडी घालतो आणि दोघेही जातात, असे आपल्याकडे दरवर्षी होते. प्रशिक्षणात पहिली शिकवण हीच असते की पाण्यात उतरणे हा शेवटचा उपाय आहे. आधी काठावरून बांबू पुढे करावा. तो पोहोचत नसेल तर दोर फेकावा. त्यानेही भागत नसेल तर डोंगा न्यावा. दोर नुसता फेकला तर वाऱ्याने मागे येतो. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये चार बोटे पाणी ठेवून झाकण घट्ट लावावे आणि दोर तिच्या कडीला बांधावा. तेवढ्या वजनाने कॅन लांब जाते, पाण्यावर तरंगते आणि बुडणाऱ्याला धरायला आधार होतो. फेकताना ती माणसाच्या डोक्यावरून पलीकडे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला पडेल अशी फेकावी, म्हणजे वाहत त्याच्या हाताशी येते. हे शाळेच्या मैदानावर कोरड्यात शिकवता येते, आणि बचत गटाच्या महिला ते उत्तम करतात. त्यांना अवश्य शिकवा, कारण दिवसा गावात त्याच जास्त असतात.

वेळ मात्र जपून निवडावी. तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर आणि मृग लागण्याआधी जे दिवस मिळतात त्यांत रंगीत तालीम घ्यावी. रोवणी (धानाची लावणी) सुरू झाली की कोणीच येणार नाही, आणि येऊ नये असेच मी म्हणेन. रोवणीच्या दिवसांत निम्मे गाव बांधीत (धानाच्या शेतात) असते, म्हणून इशारा वावरापर्यंत कसा पोहोचवायचा याची तालीम वेगळी घ्यावी. रपट्यावरून पाणी वाहू लागले की दोन्ही बाजूंना साखळी लावून दोन माणसे उभी करावीत. गुडघ्याखालचे वाहते पाणी माणसाचे पाय उचलते आणि त्याहून थोडे जास्त पाणी जीप वाहून नेते, हे चालकांना समजावून सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा साखळीला कुलूप लावणे बरे.

---

निवृत्त मंडळ अधिकारी (जि. यवतमाळ)

खाती एकत्र बसवण्याविषयी थोडे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. पावसाळ्यापूर्वी, बहुधा मे महिन्यात, तहसील स्तरावर मान्सूनपूर्व आढावा बैठक होते आणि त्या बैठकीला आपण म्हणता ती सगळी खाती एरवीही हजर असतात. म्हणून स्वतंत्र बैठक बोलावण्याच्या खटपटीत न पडता १ मे च्या ग्रामसभेत ठराव घ्या, त्याची प्रत तहसीलदारांना द्या आणि त्या आढावा बैठकीत आपल्या गावासाठी दहा मिनिटे मागा. मागणी मोघम नको. धरणाच्या नियंत्रण कक्षाकडून निरोप मिळणाऱ्यांच्या यादीत गावातील दोन नावे घालावीत. पट्टीवर अमुक पातळी आली की खालच्या मोहल्ल्याची डीपी (वीजपुरवठ्याची पेटी) बंद करण्याचा लाइनमनला लेखी आदेश असावा. पशुधन विभागाने जनावरांना घटसर्प व फऱ्याची लस पावसाआधी द्यावी. अशा तीन-चार ठोस गोष्टी मागितल्या की अधिकाऱ्यालाही होय म्हणणे सोपे जाते. पट्टी, दोर, जॅकेट यांचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात घाला.

पूररेषेकडेही लक्ष द्यावे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा लाल, असा जलसंपदा विभागाचा निकष आहे. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होऊ नये. तुमच्या पट्ट्यात ही आखणी झाली असेल तर नकाशा मागून ग्रामपंचायतीत लावा. नसेल तर २०२० च्या खुणा हाच तुमचा नकाशा धरा आणि त्याच्या आत नव्या घरकुलाला जागा देऊ नका. लाभार्थी नाराज होतात, निवडणूक जवळ असते, हे सर्व मी पाहिलेले आहे, तरीही हेच सांगतो. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसे गेली आणि पुढे गावाचे पुनर्वसन करावे लागले. नदीपासूनचे अंतर ठरविण्याचे काम पुरानंतर करण्याचे नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी. पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरली जाते, परंतु तुमच्याकडे ऊन असताना पूर येतो. पंचनाम्यात नुकसानीचे कारण नदीचा पूर असे स्पष्ट लिहून घ्या. वरील सरांनी सांगितलेली वही त्या वेळी पुरावा म्हणूनही उपयोगी पडेल. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असल्याशिवाय मदत मिळत नाही, म्हणून पाणी वावरात किती दिवस उभे होते याची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत.

---

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पट्टीचे काम आणि यादीचे काम लगेच हाती घेतो. दोन अडचणी अजून उरतात. म्हातारी माणसे जनावरे आणि धान्य सोडून निघत नाहीत. त्यांना ओरडून उपयोग होत नाही, कारण त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. दुसरी अडचण रात्रीची. वीज गेली की मोबाइल टॉवरही बंद पडतो, आणि धरणाचा निरोप नेमका मध्यरात्री आला तर तो घरोघर कसा पोहोचवावा?

---

डोंगा आणि दोर

ताई, जनावरांची जागा आधी आणि माणसांची नंतर ठरवा, म्हणजे माणसे आपोआप निघतील. उंचावरची गायरानाची किंवा ई-क्लासची (सरकारी) जमीन ठरवून तेथे चारा व पाण्याची सोय असेल हे ग्रामसभेत सांगा, आणि पहिल्या टप्प्यालाच, म्हणजे नाला तुंबू लागताच, गुरे तिकडे हाकावीत. ज्यांना हलवणे जमणार नाही त्यांची दावी तरी सोडावीत. सुटे जनावर पोहून वाचते, बांधलेले जागेवर मरते. धान्यासाठी खालच्या मोहल्ल्यातील प्रत्येक कुटुंबाची वरच्या मोहल्ल्यातील एका कुटुंबाशी आत्ताच जोडी लावून द्या. पोती कोणाच्या ओसरीत जाणार हे ठाऊक असले की म्हातारी माणसेही थांबत नाहीत.

---

निवृत्त शाखा अभियंता

रात्रीच्या अडचणीवर खरा उपाय रात्र होण्याआधीचा आहे. दिवेलागणीपूर्वी नियंत्रण कक्षाला, म्हणजे जिल्ह्याच्या १०७७ क्रमांकावर, फोन करून सकाळपर्यंत विसर्ग किती वाढण्याची शक्यता आहे ते विचारावे. पवनी आणि आष्टी येथे केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे आहेत. वरच्या पवनीची पातळी चढती आहे का तेही पाहावे. येणारा विसर्ग तुमच्या वहीप्रमाणे रस्ता बंद करणारा असेल, तर घरात पाणी यायला अजून अवकाश असला तरी खालचा मोहल्ला त्याच संध्याकाळी हलवावा. त्या रात्री पाणी चढले नाही म्हणून लोक रागावतील. दुसऱ्या दिवशी वहीतील नोंद त्यांना दाखवावी आणि पुढच्या वेळीही तसेच करावे.

तरीही अपरात्री निरोप आलाच, तर देवळाचा भोंगा बॅटरीवर चालणारा असावा आणि कोतवालाच्या जोडीला प्रत्येक मोहल्ल्यातील एकेक माणूस दारे ठोठावण्यासाठी आधीच नेमलेला असावा. भोंग्यावर कोणते शब्द बोलायचे तेही लिहून ठेवावे : पाणी कोणत्या खुणेला आहे, कोणी निघायचे, कोणत्या वाटेने, कुठे. निवारा शाळेत असेल तर शाळेच्या किल्ल्या मुख्याध्यापकांकडेच न ठेवता एक जोड वरच्या मोहल्ल्यात, रात्री गावातच असणाऱ्या माणसाकडे द्यावी.